‘हबाना ब्लूज’ : संगीत, संसार आणि करारनामा

प्रस्तावना

बेनितो साम्ब्रानो या स्पॅनिश दिग्दर्शकाचा ‘हबाना ब्लूज’ हा चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. स्पेन, क्युबा आणि फ्रान्स यांच्या सहनिर्मितीतून तयार झालेली ही कलाकृती त्याच वर्षी कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ या विभागात दाखविण्यात आली. २००६ च्या गोया पुरस्कारांमध्ये संगीत व संकलन या दोन विभागांतील पारितोषिके तिला लाभली. हवाना शहरातील दोन तरुण संगीतकारांची ही कथा सामान्यतः ‘देश सोडावा की देशात राहावे’ या द्वंद्वाची कथा म्हणून वाचली जाते. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. राहणे व जाणे या प्रश्नाच्या मुळाशी चित्रपटात आणखी एक प्रश्न उभा आहे. गरीब देशातील कलावंताची कला जेव्हा बाहेरच्या बाजारात जाते, तेव्हा तिच्यासोबत जाणारी त्याच्या जीवनाची कहाणी कोण लिहितो, आणि त्या लेखनाची किंमत कोण मोजतो? प्रस्तुत लेखात या दृष्टीने चित्रपटाचा विचार केला असून, त्याच कसोटीवर चित्रपटाच्या मर्यादाही तपासल्या आहेत.

सामाजिक पार्श्वभूमी

चित्रपटातील दैनंदिन जीवन समजून घेण्यासाठी १९९० नंतरच्या क्युबाची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि क्युबाला सवलतीने मिळणारे इंधन, धान्य व यंत्रसामग्री बंद झाली. या काळास क्युबात ‘विशेष कालखंड’ असे सरकारी नाव मिळाले. वीज तासन्‌तास जाऊ लागली, बसगाड्या थांबल्या, आणि १९६२ पासून चालत आलेल्या शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य महिनाभर पुरेनासे झाले. १९९३ मध्ये सरकारने नागरिकांना डॉलर बाळगण्याची मुभा दिली. त्यातून समाजात दोन चलने आणि पर्यायाने दोन वर्ग निर्माण झाले. ज्याचा पर्यटकांशी किंवा परदेशस्थ नातलगांशी संबंध होता, त्याला डॉलर मिळत. सरकारी पगारावर जगणारा शिक्षक अथवा डॉक्टर मात्र हॉटेलातील वाढप्यापेक्षाही कमी कमवू लागला. १९९४ च्या उन्हाळ्यात तीस हजारांहून अधिक लोक तराफ्यांवरून फ्लोरिडाच्या दिशेने निघाले. डॉलरचे व्यवहार २००४ च्या अखेरीस बंद करण्यात आले, तरी परिवर्तनीय पेसोच्या रूपाने दुहेरी चलनाची ही व्यवस्था २०२१ च्या आरंभापर्यंत टिकून होती.

संगीतकाराच्या स्थितीला याखेरीज आणखी एक पदर होता. क्युबात व्यावसायिक संगीतकार हा सरकारी संस्थेशी संलग्न असावा लागे. परीक्षण होऊन मान्यता मिळाल्यावरच त्याला रीतसर कार्यक्रम व मानधन मिळे. जे या चौकटीत बसत नसत, त्यांना उसन्या जागेत, जोडलेल्या-सांधलेल्या वाद्यांवर आपले संगीत जिवंत ठेवावे लागे. रॉक संगीताकडे तर क्रांतीनंतरच्या पहिल्या दशकांत शत्रुराष्ट्राचे संगीत म्हणून संशयाने पाहिले जाई. डिसेंबर २००० मध्ये हवानातील एका उद्यानात फिडेल कॅस्ट्रो यांच्या उपस्थितीत जॉन लेननचा पुतळा उभारला गेला. सरकारी दृष्टिकोन किती बदलला, याची ती खूण मानली जाते.

पूर्वसुरींचे चित्र आणि ‘हबाना ब्लूज’चे वेगळेपण

क्युबन संगीत या शब्दांबरोबर जगभरच्या रसिकांपुढे जे चित्र उभे राहते, ते प्रामुख्याने ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ने घडविले आहे. १९९६ साली हवानात ध्वनिमुद्रित झालेला हा संच पुढील वर्षी प्रकाशित झाला, आणि १९९९ मध्ये विम वेंडर्स यांनी त्यावर माहितीपट केला. कॉम्पाय सेगुन्दो, रुबेन गोन्सालेस, इब्राहिम फेरेर यांसारख्या वृद्ध व विस्मृतीत गेलेल्या कलावंतांना त्यातून उतारवयात जागतिक कीर्ती मिळाली. या प्रकल्पाचे कलात्मक मोल निर्विवाद आहे. मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणामही झाला. जगाला क्युबा म्हणजे पन्नाशीच्या दशकात थांबलेले घड्याळ वाटू लागले. पडकी घरे, जुन्या अमेरिकन मोटारी, सिगार आणि ‘सोन’ची लय हे त्या देशाचे विक्रीयोग्य रूप ठरले.

साम्ब्रानो याच पडक्या घरांत शिरतात, पण तेथे वेगळे संगीत ऐकतात. रुय (आल्बेर्तो योएल गार्सिया) आणि तितो (रोबेर्तो सान मार्तिन) हे दोघे मित्र रॉक, ब्लूज, फंक आणि क्युबन ताल यांच्या मिश्रणातून स्वतःची रचना घडवीत आहेत. त्यांच्या भोवतालच्या शहरात रॅप म्हणणारे आहेत, धातूसारखा कर्कश रॉक वाजविणारेही आहेत. ज्या संगीताला पर्यटक ‘अस्सल क्युबन’ म्हणणार नाही, तेच या तरुणांना आपले वाटते. ‘अस्सलपणा’ ही बाहेरून लादलेली कसोटी असू शकते, हे चित्रपट कोणतेही भाष्य न करता केवळ संगीताच्या निवडीतून सुचवितो. या दृष्टीने संगीतास मिळालेले गोया पारितोषिक यथार्थ म्हणावे लागेल.

येथे संगीत हे कथानकात अधूनमधून येणारे मनोरंजन नाही. ते काम आहे. जागा मिळविणे, उपकरणे जमविणे, मैफिलीसाठी माणसे गोळा करणे आणि या साऱ्यातून वेळ उरला तर सराव करणे, अशा खटपटीतून गाणे उभे राहते. गाण्यामागील या श्रमांचे चित्रण हे चित्रपटाचे सर्वांत विश्वसनीय अंग आहे. फेर्नांदो पेरेस यांच्या ‘सुइते हबाना’ (२००३) या चित्रपटात संवादाविना, केवळ शहरातील सामान्य माणसांच्या एका दिवसाच्या हालचालींतून व ध्वनींतून हवाना साकार होते. ‘हबाना ब्लूज’मध्ये तेवढा संयम नाही. त्याचे संकलन वेगवान आहे, माणसे अखंड बोलतात, भांडतात, विनोद करतात. परंतु रोजच्या जगण्याचा ताल पकडण्याची इच्छा दोन्हीकडे समान आहे.

करारनाम्याचा प्रसंग

हवानात नवे कलावंत शोधण्यासाठी आलेले स्पॅनिश निर्माते रुय व तितो यांचे संगीत ऐकतात आणि त्यांना स्पेनला नेण्याचा प्रस्ताव मांडतात. ही कल्पना वास्तवाशी सुसंगत आहे. १९६२ पासूनच्या अमेरिकी निर्बंधांमुळे सर्वांत जवळची मोठी बाजारपेठ क्युबन कलावंतांना सहज खुली नव्हती, आणि भाषेच्या नात्याने स्पेन हे त्यांच्यासाठी जगाचे स्वाभाविक प्रवेशद्वार होते.

आरंभी वरदान वाटणारा हा प्रस्ताव प्रत्यक्ष कराराच्या रूपाने समोर येतो, तेव्हा त्याचे स्वरूप उघड होते. आर्थिक अटी अन्यायकारक आहेतच, पण त्याहून महत्त्वाची बाब अशी की, या वाद्यवृंदाची विक्री केवळ त्याच्या संगीताच्या बळावर होणार नाही. मायदेशाच्या शासनाशी वैर असलेले कलावंत अशी त्यांची प्रतिमा तयार केली जाणार आहे. म्हणजे त्यांनी आपल्या गाण्यांबरोबर एक राजकीय भूमिकाही विकायची आहे, आणि तिचा परिणाम म्हणून मायदेशी परतण्याची वाट बंद होण्याचा धोका पत्करायचा आहे.

या प्रसंगाची ताकद अशी की, दिग्दर्शक येथे कोणालाही मूर्ख वा स्वार्थी ठरवीत नाही. ज्यांना करार स्वीकारावासा वाटतो, त्यांच्याजवळ सबळ कारणे आहेत. आयुष्यात अशी संधी एकदाच येते. अन्यायकारक करारदेखील येथील वाट पाहण्यापेक्षा बरा. तेथे गेल्यावर पुढचे पाहता येईल. रुय नकार देतो, पण त्याचा नकार हा शासनाच्या समर्थनातून आलेला नाही. क्युबातील अभावांविषयी त्याच्या मनात भ्रम नाही. आपल्या तोंडी दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये घालू देण्यास तो तयार नाही, इतकेच. क्रांतीचे गुणगान करणारी वाक्ये आणि क्रांतीचा धिक्कार करणारी वाक्ये ही दोन्ही आयती मिळत असताना तिसरे, स्वतःचे वाक्य शोधण्याचा अधिकार तो मागतो. तितो जाण्याचे ठरवितो. त्याच्या जाण्याने आजी एकटी पडणार आहे, आणि मैत्रीचाही तो शेवट आहे. तरीही त्याच्या निर्णयाकडे चित्रपट सहानुभूतीने पाहतो.

तोमास गुतिएर्रेस आलेआ यांच्या ‘अविकसितपणाच्या स्मृती’ (१९६८) या अभिजात चित्रपटातील नायकही कुटुंब निघून गेल्यावर मागे राहतो. मात्र तो सुखवस्तू, अलिप्त निरीक्षक आहे. रुयला असे अलिप्त राहणे परवडणारे नाही. मधल्या जवळपास चार दशकांत ‘मागे राहणे’ या कृतीचा अर्थ कसा बदलला, याचे दर्शन या तुलनेतून घडते.

कारिदाद : कराराबाहेरची व्यक्ती

रुयची पत्नी कारिदाद (यायलेने सिएरा) ही या चित्रपटातील सर्वांत लक्षणीय व्यक्तिरेखा आहे. हस्तकलेच्या वस्तू बनवून व विकून ती दोन मुलांना वाढविते. रुयचे स्वप्न पोसण्याचा खर्च इतकी वर्षे तिच्या हातांनी उचलला आहे. दोघांचे नाते तुटण्याच्या बेतात असून, रुयच्या प्रतारणेने ते आणखी विस्कटते. अखेरीस ती मुलांना घेऊन समुद्रमार्गे मायामीला जाण्याचा निर्णय घेते.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. रुय आणि तितो यांच्यापुढे करार आहे, मग तो कितीही अन्यायकारक असो. त्यावर चर्चा करता येते, तो नाकारता येतो, आणि नकारातून नैतिक उंचीही गाठता येते. कारिदादपुढे कोणी करार ठेवलेला नाही. तिला विकण्याजोगी कहाणी कोणी मागितलेली नाही. तिच्यासमोर केवळ रात्रीचा समुद्र आहे. रुयचे स्वाभिमानाने मागे राहणे आणि तिचे धोका पत्करून जाणे या एकाच परिस्थितीच्या दोन बाजू आहेत. पहिल्या बाजूला संगीताची साथ मिळते, दुसरीला मिळत नाही.

मर्यादा

चित्रपटाची मुख्य मर्यादा नेमकी याच ठिकाणी आहे. साम्ब्रानो यांच्या ‘सोलास’ (१९९९) या पहिल्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आई व मुलगी होत्या. स्त्रीच्या मूक श्रमांकडे इतक्या बारकाईने पाहणारा दिग्दर्शक येथे कारिदादला नायकाच्या आयुष्यातील दुःखाचे निमित्त करून ठेवतो. तिचा निर्णय कसा पक्व होत गेला, हे प्रेक्षकाला पुरेसे दिसत नाही. शेवटच्या मैफिलीत विरहाचे दुःख गाण्यात विलीन होते आणि प्रेक्षक भारावतो. पण गाणे रुयचे आहे. ज्या स्त्रीच्या वियोगातून ते उत्कट झाले, तिच्या वाट्याला श्रोत्याची जागा येते.

दुसरा आक्षेप चित्रपटाच्या स्वतःच्या स्थानासंबंधी घेता येईल. क्युबन संगीत विकत घेणाऱ्या स्पॅनिश निर्मात्यांवर टीका करणारा हा चित्रपट स्वतःही स्पॅनिश दिग्दर्शकाने, बव्हंशी युरोपीय प्रेक्षकांसमोर नेलेला आहे. गळकी घरे आणि उन्हात न्हालेले रस्ते यांचे देखणे दर्शन त्यातही आहेच. हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही. मात्र दोन गोष्टी नोंदवाव्या लागतील. साम्ब्रानो यांनी चित्रपटाचे शिक्षण क्युबातीलच सान आंतोनियो दे लोस बान्योस येथील १९८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विद्यालयात घेतले. त्यामुळे त्यांची नजर पाहुण्याची असली, तरी ती बराच काळ त्या घरात राहिलेल्या पाहुण्याची आहे. शिवाय चित्रपटातील स्पॅनिश निर्माती मार्ता हिला त्यांनी खलनायिका केलेले नाही. कलावंतांविषयी आपुलकी असलेली व्यक्तीदेखील बाजाराच्या यंत्रणेत कशी त्याच यंत्रणेचे हत्यार बनते, हे तिच्या रूपाने दिसते. त्यात दिग्दर्शकाचे आत्मपरीक्षण शोधणे अवाजवी ठरू नये.

समारोप

चित्रपटानंतरच्या घडामोडींनी त्याच्या प्रश्नाला नवे संदर्भ दिले आहेत. संगीतासाठी गोया पारितोषिक मिळालेल्यांमध्ये एकीस आल्फोन्सो आणि देसेमेर बुएनो यांचा समावेश होता. आल्फोन्सो यांनी पुढे हवानातील एका जुन्या तेलाच्या कारखान्यात ‘फाब्रिका दे आर्ते कुबानो’ हे कलाकेंद्र उभारले व ते २०१४ साली सुरू झाले. बुएनो हे २०२१ मध्ये शासनाला आव्हान देणाऱ्या ‘पात्रिया इ विदा’ या गीताच्या गायकांपैकी एक होते. त्या गीताचे शब्द जुलै २०२१ च्या निदर्शनांत रस्त्यावर ऐकू आले आणि त्याच वर्षी त्याला लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. एकाच चित्रपटासाठी संगीत रचणाऱ्या दोघांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या. क्युबन निर्वासितांना अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवताच मिळणारी सवलत जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाली. तरीही २०२१ नंतर देश सोडणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात गेली, आणि त्यांतील बहुसंख्यांनी समुद्राऐवजी निकाराग्वामार्गे जमिनीची वाट धरली.

या पार्श्वभूमीवर ‘हबाना ब्लूज’चे मोल त्याने दिलेल्या उत्तरात नाही. राहणारा आणि जाणारा या दोघांनाही त्याने समान प्रतिष्ठा दिली, आणि कलावंताच्या संगीताबरोबर त्याची कहाणीही विकत घेण्याचा व्यवहार उघड केला, हे त्याचे खरे योगदान होय. त्या व्यवहारातून कारिदादसारख्यांना वगळले जाते, हे मात्र त्याने दाखवूनही पुरते पाहिले नाही. रुयच्या मैफिलीला टाळ्या मिळतात, त्याच वेळी दोन मुलांसह समुद्राकडे निघणाऱ्या त्या स्त्रीची कथा अर्धीच सांगितलेली राहते.