आजार ओळखला की माणूस?

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, हात थरथरतात, हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. पुष्कळांचा आवाजही बदलतो : लांबवलेला ‘आ’ स्थिर राहत नाही, किंचित डळमळतो. कानाला सहज न जाणवणारा हा फरक संगणकाने टिपावा, ही कल्पना चांगलीच आहे. ऑक्सफर्डचे मॅक्स लिटल यांनी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या अशा ध्वनिमुद्रणांचा संच २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

तक्रार आहे ती पुढे त्याचा जो वापर झाला त्याबद्दल. संचात माणसे अवघी ३१. त्यांपैकी २३ कंपवाताची. मुद्रणे मात्र १९५, म्हणजे माणशी सहाच्या आसपास. त्यांतली १४७ रुग्णांची. आता एखाद्या प्रणालीने काहीही न ऐकता दर वेळी ‘कंपवात आहे’ एवढेच म्हटले, तरी तिचे उत्तर शंभरात पंचाहत्तर वेळा बरोबर येईल! तेव्हा ‘नव्वद टक्के अचूक’ असे वाचले की मोजणी शून्यापासून नव्हे, पंचाहत्तरपासून करावी.

खरी गोम पुढेच आहे. कित्येक शोधनिबंधांत ही मुद्रणे पत्त्यांसारखी पिसून काही संगणकाला शिकवायला आणि उरलेली परीक्षेला वापरली आहेत. म्हणजे एकाच आजोबांची चार मुद्रणे पाठात, दोन परीक्षेत. मग आजार कळण्याची गरजच काय? ‘हा तोच आवाज’ एवढे ओळखले की झाले. वर्गात सोडवून दिलेली गणिते आकडेही न बदलता प्रश्नपत्रिकेत घालावीत, तसा हा प्रकार. अशा वाटणीने निकाल कसा फुगतो, हे ‘एनपीजे डिजिटल मेडिसिन’मधील २०१९ च्या एका निबंधाने दाखवले आहे, तरी जुनी रीत सुटलेली नाही. (प्रत्येक मुद्रणाच्या नावातच माणसाचा क्रमांक आहे. संगणक शिकणाऱ्या बारावीच्या मुलांना माणसानुसार वाटणी करून हा फरक स्वतः पडताळता येईल.)

शिवाय डॉक्टरांची अडचण निराळीच असते. त्यांच्याकडे येणाऱ्याचा हात थरथरत असतोच. हा कंपवात, की ‘इसेन्शियल ट्रेमर’ नावाचा दुसरा कंप, हे त्यांना ठरवायचे असते. कारण पहिल्याला लेव्होडोपा देतात, दुसऱ्याला बहुधा प्रोप्रॅनोलॉल. या संचातले उरलेले आठ जण निरोगी आहेत. दुसऱ्या कंपाचा रुग्ण त्यात एकही नाही.