जादूचे यंत्र आणि मर्यादेचा प्रश्न

अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील समतोलाचा विचार बहुधा नियमपुस्तकापुरताच केला जातो. वस्तुतः तो वाङ्मयीन प्रश्न आहे. महाभारतात इंद्राने दिलेली शक्ती कर्णास एकदाच वापरता येते. ती घटोत्कचावर खर्ची पडते आणि अर्जुन वाचतो. येथे मर्यादेतूनच कथानक घडते. 1974 सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही वापरलेला मंत्र त्या दिवसापुरता संपतो. परंतु जादूचे यंत्र झाले की हा न्याय लागू पडत नाही. कारण पुनरावृत्ती हेच यंत्राचे लक्षण होय.

कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ (2004) या कल्पित जगात विजेची आगगाडी आहे, हवाई जहाजे आहेत. त्यांचे संचालन मात्र चिन्हधारी घराण्यांच्या हाती आहे. म्हणजे मर्यादा मंत्रात नसून मक्तेदारीत आहे. ही योजना मार्मिक खरी, पण तेवढ्याने भागत नाही. 1928 साली कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावू लागली. अशा गाडीने अंधेरी-बोरिवलीच्या माणसाचे घर, नोकरी आणि वेळ यांचे नातेच पालटले. खेळात मात्र ती गाडी बहुधा चकमकीचे नेपथ्य होऊन राहते. यंत्राचे मोल केवळ सुवर्णमुद्रांत न मोजता लोकजीवनातील पालटांतून दाखविले, तरच समतोल हा पंचाचा हुकूम न राहता कथेचा धर्म होईल.