प्राचीनांचें विमान व अर्वाचीनांचा अभिमान

'वैमानिक शास्त्र' या नांवाचा ग्रंथ ज्यांनीं स्वतः वाचला आहे असे लोक थोडे. पण त्याच्या आधारावर आपल्या पूर्वजांनीं आकाश आक्रमिलें होतें असें सांगणारे मात्र पुष्कळ आहेत. इ. स. २०१५ सालीं मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येंही प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. तेव्हां स्तुति व उपहास हीं दोन्ही टाळून, इतर कोणत्याही ग्रंथाप्रमाणें या ग्रंथाचें परीक्षण करावें, हाच मार्ग आम्हांस प्रशस्त वाटतो.

ग्रंथाचें कर्तृत्व महर्षि भरद्वाजांकडे दिलें जातें. परंतु तो कोणा जुन्या पोथीवरून उतरलेला नाहीं. सुब्बराय शास्त्री नांवाच्या गृहस्थांनीं इ. स. १९१८ ते १९२३ या काळांत हे श्लोक तोंडीं सांगितले व लेखनिकानें ते टिपून घेतले. आंतील चित्रेंही त्याच काळांत शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून काढलेलीं आहेत. पुढें १९७३ सालीं जी. आर. जोस्यर यांनीं इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषा वैदिक तर नाहींच, उलट सोप्या अर्वाचीन वळणाची आहे. म्हणजे ग्रंथाच्या पुरातनत्वाला ग्रंथाच्याच शब्दाखेरीज साक्षी नाहीं. आणि वादी तोच साक्षीदार, हा न्याय कोणत्या कचेरींत चालतो?

आतां आशयाकडे वळूं. शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या चार विमानांची छाननी १९७४ सालीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच अभ्यासकांनीं केली. यांतील एकाही विमानास उडण्याची योग्यता नाहीं व ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा नसावा, असा त्यांचा निर्णय आहे. हे पांचही अभ्यासक भारतीयच. तेव्हां येथें परकीयांच्या द्वेषाची ढाल पुढें करतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, रामायणांत पुष्पक विमान आहे, त्याचें काय? आहे, आणि तें रम्य आहे. पण कवीला उडण्याचें स्वप्न पडलें, एवढ्यावरून सुताराला उडण्याची कृति सांपडली असें होत नाहीं. राइट बंधूंनीं १९०१ सालीं वाताच्या बोगद्यांत पंखांचे प्रयोग केले, अपयशें नोंदून ठेविलीं, आणि मग १९०३ च्या डिसेंबरांत त्यांचें यंत्र बारा सेकंद हवेंत राहिलें. विद्या अशी मागें खुणा ठेवून जाते. आमचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा आम्हांसही प्रिय आहे. परंतु तिला समकालीन विश्वसनीय पुरावा मिळालेला नाहीं, आणि प्रिय असणें हें प्रमाण नव्हे.

या मोहाची किंमत मात्र मोठी आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास परिघ व व्यास यांचें प्रमाण ३.१४१६ दिलें व पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते असें सांगितलें. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें जवळजवळ न गंजतां उभा आहे, व त्याच्या लोखंडांतील फॉस्फरस हें त्याचें मुख्य कारण होय. हीं सत्यें तपासून पाहतां येतात. तरी घरोघरीं चर्चा चालते ती विमानांची!

ज्याच्या वाडवडिलांनीं खरी इस्टेट ठेविली आहे, त्यानें खोटा दस्तऐवज पुढें करूं नये. तो खोटा ठरतो त्या दिवशीं पंच खऱ्या कागदांकडेही संशयानेंच पाहूं लागतात.