फळा भाड्याने देणे आहे

कमिट्यांची मला भीती वाटते. चहा, दोन बिस्किटे आणि 'बहुमताने ठरले' एवढेच त्यांतून निष्पन्न होते. तरी नोट्स, गृहपाठ, परीक्षा आणि गुण एकाच जागी ठेवणारी संगणक प्रणाली घ्यायचे आमच्या कॉलेजने ठरवले, तेव्हा निवड समितीवर माझी वर्णी लागली. फळा पुसण्यात हयात गेलेला दुसरा कोण होता?

पहिल्या कंपनीचा तरुण टाय बांधून आला. कोणत्या मुलाने कुठले पान किती मिनिटे उघडे ठेवले, हेही दिसते म्हणाला.

"वाचले का, ते दिसते?"

तो हसला. प्राचार्यही हसले. त्यांना वाटले, मी विनोद केला.

या धंद्यातल्या एका बड्या अमेरिकन कंपनीचे नाव होते 'ब्लॅकबोर्ड'. म्हणजे फळाच! तिला २००६ साली एक पेटंट मिळाले. एकच माणूस एका वर्गात शिक्षक, दुसऱ्यात विद्यार्थी, आणि दोन्हीकडे प्रवेश एकाच नावाने, ही त्यातली एक मुख्य कल्पना. त्या जोरावर तिने 'डिझायर-टू-लर्न' या कॅनडातल्या स्पर्धकाला कोर्टात खेचले. २००८ साली ज्यूरीने तिला ३१ लाख डॉलर देववले. २००९ साली वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. माझी साक्ष काढली असती तर एवढा खर्च झाला नसता. कॉलेजात शिक्षक आणि घरी विद्यार्थी, तेही एकाच नावाने, हा प्रयोग मी लग्नापासून करतो आहे.

गणिताचे सर म्हणाले, "फुकटचे मूडल घ्या की!" ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली आणलेली ही प्रणाली. परवान्याला पैसे नाहीत, आतली रचनाही खुली. पण फुकट मिळालेल्या गाईलाही वैरण लागते. सर्व्हर, बॅकअप, नव्या आवृत्त्यांची उस्तवार करायला पगारी माणूस हवा. आमचा संगणक विभाग म्हणजे एक मुलगा, आणि तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाडे अडले तर फोन उचलायला कुणीतरी बांधील असते, हा पैसे मोजण्याचा फायदा खराच.

पण मी चाळीत वाढलो. जागा बघताना पाणी किती वेळ येते, हे सगळेच विचारतात. सोडताना काय होईल, हे शहाणा विचारतो.

"पाच वर्षांनी बिऱ्हाड हलवले, तर सामान नेता येईल?"

"येईल ना सर! कॉमन कार्ट्रिजमध्ये सगळा कोर्स बाहेर काढता येतो."

'सगळा' म्हणजे किती, ते हळूहळू उलगडले. नोट्स येतात, प्रश्न येतात. मुलांनी लिहिलेली उत्तरे, त्यांवरचे माझे शेरे, त्यांची आपसांतली चर्चा त्या गाठोड्यात नसते. ते वेगळे मागायचे. म्हणजे भांडीकुंडी न्या, माणसे इथेच ठेवा!

माझ्या कपाटात एका मुलीच्या निबंधाचे दोन कागद आहेत. पहिल्यावर माझा शेरा, 'पुन्हा लिही.' दुसरा तिने पुन्हा लिहिलेला. शिकणे म्हणतात ते या दोन कागदांच्या मध्येच कुठेतरी झाले असावे.

म्हणून मी एकच अट घातली. निघताना हेही सामान, वाचता येईल अशा रूपात, परत मिळाले पाहिजे, आणि सही होण्याआधी ते करून दाखवले पाहिजे.

"साहेबांना विचारून सांगतो," म्हणत तरुण उठला. मी त्याच्या अर्जावर शेरा मारला, 'पुन्हा लिही.'