पालक हजर होते. पुढे काय?

पेपर वाचताना आपण बहुतेक वेळा ॲबस्ट्रॅक्ट आणि टेबल बघून पुढे सरकतो. आज एका चांगल्या पेपरमधल्या एकाच शब्दावर थांबूया: हजेरी.

२०२० मध्ये 'क्रिटिकल केअर मेडिसिन' या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या ८२ आयसीयूंचा अभ्यास आला. 'पार्क-पीआयसीयू' नावाने तो ओळखला जातो. किमान ७२ तास आयसीयूत असलेल्या मुलांना फिजिओथेरपी मिळते का, त्यांना बसवलं-उठवलं जातं का, याची ठरावीक दिवशी नोंद घेतली. त्यात दिसलं की घरचं माणूस जवळ असेल तर मूल अंथरुणाबाहेर येण्याची शक्यता बरीच जास्त.

आता लगेच 'पालक असले की मूल लवकर उठतं' असं लिहू नका. ही ठरावीक दिवसांपुरती नोंद आहे. कशामुळे काय झालं, हे तिच्यातून ठरत नाही. कदाचित मुलाला मांडीवर द्यायचं म्हणूनच आईला बोलावलं असेल. आकडेमोडीत इतर घटक धरले तरी ही शंका पूर्ण जात नाही.

माझा खरा मुद्दा पुढचा आहे. व्हेंटिलेटरची नळी निघेल म्हणून श्वास रोखून मुलाला धरणारी आई आणि दाराशी नुसते उभे असलेले बाबा, या दोघांसाठीही रकान्यात 'हो'च लागणार. पालकांचं महत्त्व या अभ्यासाने दाखवलं, पण पालकांचा अनुभव त्यात नाही. तो मोजायचा हेतूही नव्हता. चूक होते ती हा पेपर 'अनुभवा'चा पुरावा म्हणून आपण आपल्या प्रपोजलमध्ये घालतो तेव्हा.

मग मुलाखती घ्यायच्या? हो, पण तिथेही खड्डे आहेत. मूल अजून त्याच बेडवर आहे आणि 'थेरपी कशी वाटली?' हे तिथलाच थेरपिस्ट विचारतोय, तर पालक वाईट कसं सांगतील? ज्यांचं मूल वाचलं नाही, त्यांना विचारलं का? समजा, एखादी आई म्हणाली, 'भीती वाटली, पण त्यांना कळतं ना.' सुरुवातीला मी याला बिनधास्त 'विश्वास' असा कोड दिला असता. भीती गेली कुठे मग?

मुलाखतींच्या अभ्यासासाठी २००७ ची 'कोरेक' ही ३२ मुद्द्यांची यादी आहे. मुलाखत कोणी घेतली, त्याचं सहभागी व्यक्तीशी नातं काय, हे ती आधी विचारते. बरेच जण ती सबमिशनच्या आदल्या रात्री भरतात. तुम्ही ती प्रश्नावली बनवण्याआधी वाचा.

आणि पुढच्या पेपरमध्ये 'पालक समाधानी होते' असं दिसलं, की समासात पेन्सिलने लिहा: कोणी विचारलं? केव्हा? कोणाला विचारायचं राहिलं?