कॉन्सर्ट संपल्यावर घरी कसे गेलात?

रॉक कॉन्सर्टला जाऊन आलेल्या माणसाला बोलतं करणं फार सोपं. "कसा झाला शो?" एवढंच विचारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. बेस गिटार छातीत कसं घुमलं, पावसात कसे नाचलो, कुठल्या गाण्याला अख्खं मैदान एका आवाजात ओरडलं, सगळं बाहेर येतं. लोकप्रिय संगीतावर काम करू पाहणारे बरेच जण म्हणूनच पहिला प्रस्ताव या विषयावर लिहितात: 'मुंबईतील रॉक कॉन्सर्ट आणि चाहत्यांचे अनुभव'. विषय चांगलाच आहे. मी स्वतः श्रोत्यांवर पीएचडी करतेय, आणि काळा टी-शर्ट घालून रांगेत उभी राहणाऱ्यांपैकीही आहे.

पण असे प्रस्ताव वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. चाहता जे सांगतो ते तसंच्या तसं 'निष्कर्ष' म्हणून मांडलेलं असतं. म्हणून आज चाहत्यांच्या आठवणी या साहित्यप्रकाराची जरा समीक्षा करू या. हो, साहित्यप्रकारच. त्याला ठरलेला घाट आहे, ठरलेला नायक आणि खलनायक आहे, ठरलेला शेवट आहे. तो घाट ओळखता आला नाही तर तुमचा प्रबंध म्हणजे त्याच गोष्टीची तळटिपा लावलेली आवृत्ती होईल.

रंगभवनची गोष्ट

मुंबईतल्या जुन्या चाहत्याशी बोललात तर गोष्ट हमखास रंगभवनला पोचते. धोबीतलावजवळ, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी असलेलं हे सरकारी खुलं नाट्यगृह. १९७८ मध्ये जॅझ यात्रा इथे सुरू झाली. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला, तोच आय-रॉक, आणि रंगभवन हे त्याचं घर झालं. पुढे 'इंडस क्रीड' झालेला 'रॉक मशीन' त्या पिढीच्या आठवणीत पक्का बसलाय.

जवळच कामा हॉस्पिटल, जी. टी. हॉस्पिटल, कॉलेज आणि कोर्ट. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर 'शांतता क्षेत्र' ठरवण्याची तरतूद झाली, आणि खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. पुढच्या काही वर्षांत रंगभवनातली रॉक संध्याकाळ संपली. आय-रॉक अंधेरीकडे सरकला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ मध्ये माझगावला पुन्हा भरला.

एवढ्या मजकुरावर चाहता काय गोष्ट रचतो? कॉलेजचे दिवस, खिशात मोजके पैसे, दगडी पायऱ्या, डोक्यावर आभाळ, सगळे एकमेकांना ओळखणारे. मग नियम आले आणि मजा गेली. आता काय, सगळं महागडं आणि गुळगुळीत झालंय. संपली गोष्ट.

या गोष्टीतलं बळ आधी मान्य करू. तिच्यात शरीर आहे. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात बँडने काय वाजवलं ते सापडेल. दुसऱ्या दिवशी मान किती दुखत होती, हे फक्त चाहताच सांगेल. भावना, गर्दीचा वास, अनोळखी माणसाच्या खांद्यावर टाकलेला हात, या गोष्टींचं दुसरं दफ्तर कुठेच नाही. तेव्हा 'आठवणी म्हणजे व्यक्तिनिष्ठ, कशाला वापरायच्या' असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. त्या वापरायच्याच. प्रश्न एवढाच, की त्या नेमक्या कशाचा पुरावा आहेत?

चुकलेली आठवणही कामाची

मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं एक उदाहरण तुम्हाला जन्मभर पुरेल. तेर्नी या पोलादाच्या गावात १९४९ मध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनांत, लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे पोर्तेल्लींनी मुलाखती घेतल्या तेव्हा कितीतरी जणांनी हा मृत्यू १९५३ मधला म्हणून सांगितला, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यातला. तारीख चूक. पण इतक्या जणांकडून एकाच दिशेने झालेली चूक निव्वळ विसरभोळेपणा कशी असेल? ज्या लढ्याने गावाच्या पोटावर घाव घातला, त्या लढ्यात लोकांनी आपला हुतात्मा नेऊन बसवला होता. चुकलेल्या तारखेने गावाचं मन दाखवलं.

आता हे आपल्याकडे लावून बघा. समजा एक जण तुम्हाला म्हणाला, "२०१० चा आय-रॉक मी रंगभवनात ऐकला." तोवर रंगभवनातला रॉक बंद होऊन काही वर्षं झाली होती. नवशिका संशोधक दोनपैकी एक करतो: वाक्य जसंच्या तसं छापतो, नाहीतर मुलाखत बाद करतो. तुम्ही दोन्ही करू नका. आधी जुनी जाहिरात, तिकीट, वर्तमानपत्र यांच्याशी तारीख ताडून घ्या. आणि मग विचारा, की याची चांगली संध्याकाळ आपोआप रंगभवनातच का जाऊन बसते? या नावाने त्याच्या मनात कशाची जागा घेतलीय? इथून पुढे तुमचं संशोधन सुरू होतं.

याच नावाचं दुसरं टोकही ध्यानात ठेवा. महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांना रंगभवन म्हटलं की गिटार आठवत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गल्लीत मारले गेले, ती कामाजवळची रंगभवनची गल्ली आठवते. एकाच जागेवर आठवणींचे थर कसे बसतात, आणि चाहत्याची गोष्ट त्यातला एकच थर कसा उचलते, ते इथे दिसतं.

खलनायक कोण?

या गोष्टीतला खलनायक म्हणजे 'नियम'. मला समीक्षक म्हणून हा भाग सर्वांत कच्चा वाटतो. कामा हॉस्पिटलच्या खाटेवर रात्री जागणाऱ्या बाईची बाजू या गोष्टीत कधी येतच नाही. ती आली की गोष्ट अवघड होते, आणि अवघड होणं संशोधनाला चांगलंच.

पण रुग्णाची बाजू घेऊन थांबलात तरी काम अर्धंच झालं. त्याच नियमांत अशी सोय आहे, की सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. या दिवसांची यादी बघितली की गणेशोत्सव, नवरात्र अशी नावं भेटतात. म्हणजे खरा प्रश्न 'संगीत विरुद्ध कायदा' एवढाच उरत नाही. आपल्या शहरात कुणाचा आवाज 'उत्सव' ठरतो आणि कुणाचा 'गोंगाट', असा तो प्रश्न होतो. चाहता याला 'अन्याय' म्हणून मोकळा होतो. तुम्हाला तसं मोकळं होता येणार नाही; यादी कशी बनते, कोण मागणी करतं, कुणाची संघटना आहे आणि कुणाची नाही, हे शोधावं लागेल.

उघड्यावरचा आवाज अडल्यावर रॉकला बंद खोलीचा मोठा आधार राहिला. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. आवाज उत्तम आणि भिंतींच्या आत. पण दारू विकणारी जागा म्हटली की दाराशी वयाची अट आणि आत जेवणखाण्याचा खर्च आलाच. रंगभवनच्या पायरीवर बसणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोरांनी इथे कसं यायचं? आणि ज्या आवारात एकेकाळी साचे चालत होते, तिथे येणाऱ्यांत गिरणगावातलं कोण होतं? 'रॉकचा श्रोता उच्चभ्रूच' असं ठोकून देण्याआधी जागा बदलली की श्रोता कसा बदलतो, ते बघा.

एका संध्याकाळची दोन टिपणं

तत्त्वाचं पुष्कळ झालं, आता प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'यू टू'चा शो झाला. 'जोशुआ ट्री' दौऱ्यातला तो शेवटचा. मी वरच्या स्टँडमध्ये होते. त्या रात्री चाहती म्हणून लिहिलेलं टिपण एका ओळीचं आहे: "शेवटी ऐकले. घसा बसला."

संशोधक म्हणून लिहिलेलं टिपण वेगळं आहे. सुरुवातीची गाणी बँडने गर्दीत घुसलेल्या छोट्या मंचावर वाजवली, मागचा प्रचंड पडदा तेव्हा वापरला नाही. वरून चार माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. माझ्या आजूबाजूचे लोक फोन उंच धरून, मान लांब करून शोधत होते. मग 'जोशुआ ट्री' अल्बम क्रमाने सुरू झाला, पडद्यावर अँटन कॉर्बाइनने चित्रित केलेले विस्तीर्ण देखावे उजळले, आणि आमचा स्टँड एकदम उठून उभा राहिला. गंमत बघा: वादक थेट समोर होते तेव्हा आम्ही बिचकलेलो होतो, आणि पडदा आला तेव्हा आम्हाला 'आता खरं सुरू झालं' असं वाटलं. फिलिप ऑसलँडर यांनी 'लाइव्हनेस' (१९९९) या पुस्तकात हाच मुद्दा मांडलाय, की 'लाइव्ह' ही कल्पनाच रेकॉर्डिंग आल्यानंतर जन्मली आणि आपण प्रत्यक्ष कार्यक्रमही पडद्याच्या सवयीने बघतो. पुस्तकात ते वाक्य पटकन पटतं. स्टँडमध्ये बसून ते थोडं बोचतं.

त्याच टिपणात पुढे: "माझ्या रांगेतल्या दोघी शेवट होण्याआधी उठल्या. मलाही नेरूळहून ठाणे, ठाण्याहून डोंबिवली करायचं होतं. समोर वाळवंट, डोक्यात टाइमटेबल."

मला सर्वांत मोलाची ही शेवटची ओळ वाटते. 'मी तिथे होतो' सांगणाऱ्या गोष्टी बहुतेक शेवटच्या गाण्यावर संपतात. मुंबईतली कॉन्सर्ट मात्र शेवटच्या गाडीवर संपते. कोण शेवटपर्यंत थांबू शकलं, कुणाच्या घरून चारदा फोन आला, कोण मित्राच्या बाइकवर गेलं, कुणाला रात्र स्टेशनवर काढणं परवडलं आणि कुणाला ते शक्यच नव्हतं, यातून श्रोत्यांची खरी रचना कळते. चाहत्यांच्या आठवणींत मुली कमी भेटतात. त्याचा अर्थ मुलींना रॉक आवडत नाही असा लावणं सोपं आहे. पण अर्ध्यातून उठलेल्या माणसाची गोष्ट कुणी ऐकतच नाही, हेही कारण असू शकतं. तुम्ही फक्त 'शेवटपर्यंत थांबलेल्यां'च्या मुलाखती घेतल्यात, तर तुमचा नमुना मुलाखत सुरू व्हायच्या आधीच झुकलेला असेल.

एक सावधगिरी मात्र हवी. दुसरं टिपण माहितीने भरलेलं आहे, पण त्यात घसा बसत नाही. फक्त तेच ठेवलं असतं तर एवढी हजारो माणसं कशासाठी आली, हे माझ्या प्रबंधातून कळलंच नसतं. म्हणून दोन्ही टिपणं ठेवा, वेगवेगळी ठेवा, आणि तारीख घाला. महिन्याभराने दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जिथे ती एकमेकांशी भांडतात, तिथे तुमचा संशोधनप्रश्न असतो.

मुलाखतीला जाण्याआधी

ख्रिस्तोफर स्मॉल यांनी 'म्युझिकिंग' (१९९८) मध्ये संगीत हे क्रियापद म्हणून वापरलं. त्यांच्या मते वाजवणारा आणि ऐकणारा तर त्यात आलेच, पण तिकीट तपासणारा आणि नंतर जागा झाडणाराही आला. हे वाक्य प्रस्तावात उद्धृत करणारे भरपूर आहेत. झाडणाऱ्याची मुलाखत घेणारे विरळा. तुमच्या यादीत दहा चाहते असतील तर निदान एक ध्वनिव्यवस्था बघणारा, एक सुरक्षारक्षक, जवळ राहणारं एक घर आणि अर्ध्यातून उठून गेलेली एक व्यक्ती असू द्या. चाहत्याला खोटं पाडण्याचा यात हेतू नाही. त्याच्या गोष्टीतून जे शहर गळलंय, ते परत मिळवायचंय.

प्रश्नावलीत "कसा झाला शो?" हा प्रश्न जरूर ठेवा, त्याने माणूस खुलतो. त्याच्या खाली दुसरा लिहा: "घरी कसे गेलात?" बहुतेक जण आधी हसतील, म्हणतील, त्यात काय सांगायचं. थोडं थांबा. रेकॉर्डर चालू राहू द्या.