हौसेला मोल असतं का? जुन्या एअर-कूल्ड पोर्शे आणि त्यांची उद्याची किंमत

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की सरांचं काहीतरी बिनसलं आहे. आयुष्यभर न्याय आणि बौद्ध दर्शन शिकवलं, आणि सत्तरी उलटल्यावर हे पोर्शे गाड्यांवर बोलणार! (हशा) माझ्याकडे फक्त एक स्कूटर होती, तीही आता नाही. पण प्रश्न माझा नाहीच. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ नोकरी करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. १९९७ सालची एक पोर्शे ९११ मिळतेय. सगळे म्हणतात, ही एअर-कूल्डची शेवटची पिढी, हिची किंमत वाढतच जाणार. घेऊ का?"

मी त्याला म्हटलं, गाडीतलं मला फार कळत नाही, पण "वाढतच जाणार" या विधानाबद्दल थोडं बोलता येईल. आज आपण त्या एका विधानाचं परीक्षण करणार आहोत.

आधी वस्तू समजून घेऊ. ज्यांनी चेतक चालवली आहे त्यांना एअर-कूल्ड म्हणजे काय हे सांगायला नको. इंजिनाभोवती पाणी नाही, रेडिएटर नाही. पंखा हवा मारतो आणि सिलिंडरवरच्या फिन्स उष्णता बाहेर टाकतात. पोर्शेत त्याच्या जोडीला तेलही बरीच उष्णता वाहून नेतं. १९४८ साली आलेली ३५६ अशीच होती. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिची वारसदार ९०१ या नावाने मांडली गेली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. हवेवर थंड होणारी ९११ पुढे १९९८ पर्यंत बनत राहिली. शेवटच्या पिढीचं कंपनीतलं नाव ९९३. त्यानंतर पाणी आलं, कारण धूर आणि आवाज यांचे नियम कडक होत गेले, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर नुसत्या हवेने ते डोकं थंड ठेवणं अवघड झालं.

आता संग्राहकांचा युक्तिवाद बघा. या गाड्या आता बनत नाहीत, लोकांना हव्या आहेत, आजवर किमती वाढल्या आहेत, म्हणून उद्याही वाढतील. ऐकायला सरळ वाटतं. एकेक पाय तपासू.

पहिला पाय दुर्मिळतेचा. "आता बनत नाहीत" हे खरंच आहे. पण टाइपरायटरही आता फारसे बनत नाहीत! एअर-कूल्ड ९११ एकूण चार लाखांच्या वर बनल्या. १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ फक्त १,५८० बनली, तिला दुर्मीळ म्हणणं ठीक आहे. पण साध्या ९११ ला तोच शब्द लावला की आपण एका गाडीची पुण्याई दुसरीच्या खात्यात जमा करतो. आणि ऐतिहासिक महत्त्व म्हणाल, तर फोर्डच्या मॉडेल टी इतकं महत्त्व कुठल्या गाडीला आहे? ती दीड कोटी बनली, जग बदलून गेली. आज अमेरिकेत चांगली मॉडेल टी एखाद्या साध्या वापरलेल्या मोटारीच्या भावात मिळू शकते.

दुसरा पाय अनुमानाचा. "आजवर वाढली म्हणून उद्या वाढेल." आपले नैयायिक इथे लगेच हात वर करतील. जिथे धूर तिथे अग्नी, हे चालतं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चालत नाही, कारण धुरासाठी लाकूड ओलं लागतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओल्या लाकडाच्या या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. मग या किमतींच्या धुरामागचं ओलं लाकूड कोणतं? २०११ ते २०१५ च्या आसपास या गाड्यांच्या किमती झपाट्याने चढल्या. तोच काळ २००८ च्या मंदीनंतरचा. अमेरिका-युरोपात व्याजदर शून्याजवळ, बँकेत पैसे ठेवून काही मिळत नव्हतं. त्याच सुमारास ऑनलाइन लिलावांचा जोर वाढला आणि लहान गावातला ग्राहकही बोली लावू लागला. शिवाय सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या खोलीच्या भिंतीवर पोर्शेचं पोस्टर होतं, ती मुलं पन्नाशीत आली, हातात पैसा आला. या तीन अटी एकदम जुळल्या होत्या. गाडी तीच राहील, पण अटी तशाच राहतील याची हमी कोण देणार? फेरारीचं उदाहरण समोर आहे. १९८८ साली एन्झो फेरारी वारले, त्यांच्या गाड्यांचे भाव गगनाला भिडले, आणि १९९० च्या आसपास ते कोसळले. गाड्या त्याच होत्या.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. बाजाराला कळत नसेल, पण ही गाडी काय चीज आहे हे जाणकाराला तर कळतं ना? बघू या. सर्वांत मोठा जाणकार कोण, तर खुद्द पोर्शे कंपनी. सत्तरच्या दशकात कंपनीलाच वाटत होतं की ९११ चे दिवस भरले. तिच्या जागी १९७७ साली ९२८ आणली. इंजिन पुढे, आठ सिलिंडर, पाण्यावर थंड होणारी. १९७८ ची युरोपातली सर्वोत्तम मोटार म्हणून तिला मान मिळाला. पुढे १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. असं सांगतात, की अभियंत्याच्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्यात ९११ ची रेघ त्या वर्षाअखेर संपत होती. शुट्झनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर भिंतीपर्यंत ओढली. जिने गाडी जन्माला घातली त्या कंपनीलाही तिचं भविष्य वर्तवता आलं नाही. मग आपण कोण?

तिसरा पाय अस्सलपणाचा. या बाजारात 'मॅचिंग नंबर्स' नावाचं प्रकरण आहे. म्हणजे गाडी कारखान्यातून ज्या इंजिनासह निघाली तेच इंजिन तिच्यात असलं पाहिजे. ते असेल तर भाव बराच जास्त. आता नागसेन आणि मिलिंद राजाचा संवाद आठवा. राजा रथातून आला. नागसेन विचारतात, रथ म्हणजे कोणता भाग? चाक? आस? जू? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की रथ हे सगळ्या भागांना मिळून दिलेलं नाव आहे. संग्राहकाचं म्हणणं याच्या उलट. त्याच्या मते रथाचा आत्मा इंजिनावर ठोकलेल्या आकड्यात आहे! ठीक, तसं मानू. पण मग कॅलिफोर्नियातल्या सिंगर कंपनीचं काय करायचं? ती ९६४ पिढीतली ९११ घेते, तिचं बहुतेक सगळं बदलते, बॉडी कार्बन फायबरची करते, आणि लोक त्यासाठी लाखो डॉलर मोजतात. एकीकडे एक बोल्ट बदलला म्हणून किंमत घटते, दुसरीकडे सगळंच बदललं म्हणून वाढते. म्हणजे अस्सलपणा हे किमतीचं कारण नव्हे. किंमत ठरल्यावर तिचं समर्थन करणाऱ्या अनेक भाषांपैकी ती एक भाषा आहे.

मग किंमत ठरते कशी? केन्सने १९३६ च्या ग्रंथात एका वर्तमानपत्री स्पर्धेची उपमा दिली आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे, आणि ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला बक्षीस. तिथे मला कोण आवडतं याला अर्थ उरत नाही, इतरांना कोण आवडेल असं इतरांना वाटतं, हेच ओळखायचं. गुंतवणूक म्हणून गाडी घेणारा नेमका हा खेळ खेळतो. फरक इतकाच, की त्याचे स्पर्धक आज बारा-पंधरा वर्षांचे आहेत. ती मुलं विजेवरच्या, आवाज नसलेल्या गाड्यांत वाढताहेत. त्यांच्या कानाला मागून येणारा सहा सिलिंडरचा घरघराट संगीत वाटेल की गोंगाट, हे आज त्यांनाही सांगता येणार नाही.

कायद्याचं पारडं मात्र दोन्हीकडे झुकतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जर्मनीत ३० वर्षं पूर्ण झालेल्या, नीट राखलेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीला 'एच' पाटी मिळते. मग वर्षाला सुमारे १९१ युरो एवढाच ठरावीक कर, आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांतही प्रवेश. शेवटच्या ९९३ गाड्या २०२८ मध्ये तिशी गाठतील. इंधनाचा प्रश्न उरतो. चिलीतल्या पुंता अरेनासजवळ डिसेंबर २०२२ मध्ये पोर्शेच्या सहभागाने वारा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून पेट्रोल बनवणारा प्रकल्प सुरू झाला, आणि पहिलं इंधन एका ९११ मध्येच भरलं. पण त्या प्रायोगिक टप्प्याचं नियोजन वर्षाला सुमारे १,३०,००० लिटरचं. एवढ्यावर आशा ठेवता येईल, मुलीचं शिक्षण ठेवता येणार नाही.

आणखी एक. किमतींचे जे आलेख दाखवतात त्यात विम्याचे, गॅरेजच्या भाड्याचे, इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचे हजारो युरो नसतात. आणि ज्या गाड्या गंजून भंगारात गेल्या, त्या आलेखात येतच नाहीत. उरलेल्यांचीच गोष्ट आपण ऐकतो.

मग माझं मत काय? मला वाटतं, चांगल्या राखलेल्या गाड्यांना किंमत राहील, कारण सुटे भाग मिळतात, कंपनी स्वतः जुन्या गाड्यांसाठी ते पुरवते, दुरुस्तीची विद्या जिवंत आहे. पण गेल्या दशकासारखी चढण पुन्हा येईल असं मानायला मला कारण दिसत नाही. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी या गाड्या घेतल्या त्यांना खूप फायदा झाला, हे खरं. पण त्यांतल्या बहुतेकांनी त्या फायद्यासाठी घेतल्याच नव्हत्या. चालवायला घेतल्या होत्या.

आपण म्हणतो, हौसेला मोल नसतं. या म्हणीचा अर्थ लोक 'हौसेसाठी कितीही खर्च करा' असा लावतात. मी तिचा अर्थ वेगळा लावतो. हौसेतून जे मिळतं ते पैशात मोजायचं नसतं, कारण मोजायला लागलात की हौस उरत नाही. डोंगरातला रस्ता, सकाळची वेळ, मागे ते इंजिन, हे मूल्य आहे. लिलावातला आकडा ही किंमत. मूल्य आज हातात असतं. किंमत दुसऱ्याच्या मनात असते, तीही उद्याच्या.

त्या विद्यार्थ्याला मी एकच प्रश्न विचारला : "अरे, उद्या हिची किंमत निम्मी झाली, तरी ही गाडी तुला दारात हवी आहे का?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, मला हवी आहे. पण मुलीच्या पैशातून नको." म्हटलं, झालं तर मग. उत्तर तुझं तूच दिलंस. हौसेसाठी वेगळा डबा कर, भरला की घे, आणि घेतलीस की उन्हापावसात चालव.

तुमच्यापैकी कुणी गाडी नाही तर चित्र, नाणी, घड्याळं, जमीन घेत असेल. प्रश्न तोच विचारा. इथे थांबतो.